अपघातांना कशाने भागायचे? ‘वायुदूत’चा हिशेब

खारदांड्याच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे पाहिले की सांताक्रूझहून उठलेली विमाने जुहूवरून समुद्राकडे जाताना दिसतात. बहुतेक जेट असतात. मधूनच एखादे पंख्याचे विमान येते, जरा खालून आणि जरा हळू. अशा विमानाचे तिकीट काढायचा विषय निघाला की घरातले कोणीतरी हमखास म्हणते, “छोटे विमान नको, मोठ्याचे बघ.”

ही भीती कितपत खरी आहे? लहान विमान मोठ्यापेक्षा जास्त पडते का? पडत असेल तर ते लहान आहे म्हणून पडते, की त्यामागे दुसरे काही कारण असते?

याचे उत्तर शोधायला एक जुनी, बंद पडलेली सरकारी कंपनी उपयोगी पडते. तिचे नाव ‘वायुदूत’. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी तिची विमाने पाहिली आहेत. तिचा कारभार आता संपला असल्यामुळे तिच्याकडे कोणती विमाने होती, ती कुठे उडाली, कुठे पडली आणि पुढे त्यांचे काय झाले, हा सगळा हिशेब एकत्र मांडता येतो.

## छोट्या गावांसाठी एक कंपनी

भारतातल्या नागरी विमानसेवेची सुरुवातच खारदांड्यापासून जवळ असलेल्या जुहूशी जोडलेली आहे. १९२८ मध्ये जुहूचा विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे तिथेच उतरले. त्या काळी पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल व्हायचा आणि टाटांना आपली सेवा पुण्याहून चालवावी लागायची. विमान कसे आहे याइतकेच ते कुठे उतरते हेही महत्त्वाचे असते, हा धडा इतका जुना आहे.

पुढे विमाने मोठी होत गेली. जेट आले, मोठ्या शहरांना लांब धावपट्ट्या मिळाल्या आणि लहान गावे मागे राहिली. ईशान्य भारतात ही अडचण सर्वात मोठी होती. डोंगर, नद्या आणि पूर यांमुळे शंभर किलोमीटरचा रस्ता कापायला तिथे दिवस जायचा. त्यावर उपाय म्हणून एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून जानेवारी १९८१ मध्ये ‘वायुदूत’ काढली. २६ जानेवारीपासून तिची उड्डाणे सुरू झाली.

कंपनी ईशान्येसाठी निघाली होती, पण आपल्याही गावाला विमान हवे अशी मागणी देशभरातून होऊ लागली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिचे जाळे सुमारे शंभर ठिकाणांपर्यंत पसरले. काही विमानांच्या बळावर शंभर गावे जोडायची, हे ओझे पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे.

## ताफा: तीन जातींची विमाने

वायुदूतकडे मुख्यतः तीन प्रकारची विमाने होती.

फॉकर एफ-२७. हे डच बनावटीचे, चाळीसच्या आसपास आसनांचे विमान. पंख छताच्या पातळीवर असल्यामुळे खिडकीतून जमीन मोकळी दिसते. याचे पहिले उड्डाण १९५५ मधले, म्हणजे वायुदूतकडे येईपर्यंत हा जुनाजाणता प्रकार झाला होता.

एचएस-७४८, म्हणजेच ‘ॲव्हरो’. हे मूळचे ब्रिटिश विमान, पण भारतात कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या कारखान्यात बनलेले. कानपूरचे पहिले ॲव्हरो १९६१ मध्ये उडाले. फॉकरला आणि ॲव्हरोला एकाच घराण्याची रोल्स-रॉइस डार्ट इंजिने होती.

डॉर्निअर २२८. वायुदूतची खरी ओळख याच विमानाने झाली. १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालेले हे जर्मन विमान तेव्हा अगदी नवे होते. १९८३ च्या करारानुसार तेही कानपूरला बनू लागले. त्यात जास्तीत जास्त १९ प्रवासी बसतात. मधल्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन असते, त्यामुळे प्रत्येकाला खिडकी मिळते. आतली उंची साधारण १.५५ मीटर, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना वाकूनच आत जावे लागते. जेटला दोन किलोमीटर किंवा त्याहून लांब धावपट्टी लागते, तिथे डॉर्निअरला पाऊण-एक किलोमीटरची पट्टी पुरते. लहान गावांसाठी याहून सोयीचे विमान मिळणे कठीण होते.

तिन्ही विमानांची इंजिने ‘टर्बोप्रॉप’ प्रकारची. टर्बोप्रॉपमध्ये आत जेटसारखेच टर्बाइन फिरते, मात्र त्याची बहुतेक ताकद बाहेरचा पंखा फिरवण्यासाठी वापरली जाते. कमी वेगात आणि कमी उंचीवर या इंजिनाला जेटपेक्षा कमी इंधन लागते. पंखा दिसतो म्हणून यंत्र जुनाट, हा समज चुकीचा आहे. आजची एटीआर विमानेही याच तत्त्वावर चालतात.

## भागाकार बदलला की उत्तर बदलते

एखाद्या कंपनीचे किती अपघात झाले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. ते किती उड्डाणांमागे झाले हे पाहावे लागते. मोजणीची खरी मेख इथेच आहे, कारण भागायचे कशाने हे आपण ठरवतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. एक जेट मुंबईहून दिल्लीला दोन तासांत जाते आणि एकदा उतरते. एक डॉर्निअर चाळीस-चाळीस मिनिटांचे टप्पे घेत त्याच दोन तासांत तीनदा उतरते. समजा, दर उड्डाणामागचा धोका दोघांचाही अगदी सारखा आहे.

आता अपघातांना उड्डाणांच्या संख्येने भागले तर दोघे बरोबरीत येतात. हवेतल्या तासांनी भागले तर डॉर्निअर तिप्पट धोकादायक दिसते, कारण तेवढ्याच तासांत त्याने तिप्पट उड्डाणे केली आहेत. प्रवासी-किलोमीटरने भागले, म्हणजे किती माणसे किती अंतर गेली याने, तर चित्र आणखी बिघडते. जेटमध्ये १५० माणसे ताशी ७५० किलोमीटरने जातात आणि डॉर्निअरमध्ये १५ माणसे ताशी ३५० किलोमीटरने. या मोजमापात डॉर्निअर सुमारे ६४ पट धोकादायक ठरते. विमान तेच, वैमानिक तेच, धोकाही तोच. फक्त भागाकार बदलला.

प्रवाशाला यातले कोणते माप हवे? त्याचा प्रश्न साधा असतो: मी ज्यात चढलो ते उड्डाण सुखरूप उतरेल का? त्या वेळी बरोबर १४ माणसे बसली आहेत की १४९, याने त्याच्यापुरता काही फरक पडत नाही. म्हणून प्रवाशासाठी सर्वात प्रामाणिक माप म्हणजे दर उड्डाणामागचे अपघात.

दुसरी सावधगिरीही हवी. लहान ताफ्याच्या कंपनीत एखादा अपघात झाला की तिचा दर एकदम वर उडतो, आणि काही वर्षे अपघात झाला नाही की तो थेट शून्यावर येतो. दोन्ही आकडे कच्चे असतात. अशा वेळी दर बाजूला ठेवून प्रत्येक अपघात कसा घडला हे पाहिले तर जास्त कळते.

## धोका बहुतेक किनाऱ्यालगत

दांड्याच्या कोळ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बाहेर खोल पाण्यात बोटीला मोकळीक असते. परत येताना किनाऱ्याजवळचे खडक, उथळ पाणी आणि फुटणाऱ्या लाटा यांतून वाट काढायची असते, आणि चूक झाली तर ती सावरायला तिथे जागा नसते. विमानाचेही तसेच आहे. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर जीवघेण्या अपघातांपैकी जवळपास निम्मे धावपट्टीकडे येताना आणि उतरताना होतात, जरी हा टप्पा सगळ्या प्रवासातला अगदी थोडा वेळ असतो.

उतरताना विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. याचा अर्थ धावपट्टीपासून एक किलोमीटरवर ते सुमारे ५० मीटर उंच असायला हवे, आणि अडीच किलोमीटरवर सुमारे १३० मीटर. मोठ्या विमानतळांवर ‘आयएलएस’ नावाची यंत्रणा धावपट्टीजवळून दोन रेडिओ किरण सोडते. एक किरण डावे-उजवे सांगतो, दुसरा वर-खाली. धुके असो वा पाऊस, आपण त्या तिरक्या रेषेवर आहोत की नाही हे वैमानिकाला काट्यावर दिसत राहते.

वर-खाली सांगणारा किरण नसेल तर काय? तेव्हा नियम असा, की एका ठरावीक किमान उंचीपर्यंत उतरायचे, तिथे थांबायचे आणि धावपट्टी डोळ्यांनी दिसली तरच पुढे खाली यायचे. नाही दिसली तर पुन्हा वर चढायचे. नियम सोपा आहे. पण अंधूक हवेत, ‘आता दिसेल, आता दिसेल’ अशा आशेवर तो मोडण्याचा मोह फार मोठा असतो.

## १९ ऑक्टोबर १९८८

त्या एका दिवशी भारतात दोन प्रवासी विमाने कोसळली.

सकाळी मुंबईहून अहमदाबादला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७ कमी दृश्यमानतेत उतरत होते. धावपट्टी दिसलेली नसताना ते किमान उंचीच्या खाली आले आणि सुमारे अडीच किलोमीटर आधीच झाडांना लागून पडले. वरच्या हिशेबाप्रमाणे त्या जागी ते १३० मीटर उंचीवर असायला हवे होते. १३५ पैकी १३३ जणांचा जीव गेला.

त्याच दिवशी सिल्चरहून गुवाहाटीला जाणारे वायुदूतचे फॉकर एफ-२७ खराब हवेत उतरणीवर असताना जमिनीवर आदळले. त्यातले सर्व ३४ जण मरण पावले.

एक जेट होते, एक पंख्याचे. एक मोठ्या कंपनीचे, एक छोट्या. एकाच्या मागे मुंबई-अहमदाबादसारखा गजबजलेला मार्ग, दुसऱ्याच्या मागे ईशान्येतला छोटा टप्पा. तरी दोन्ही अपघात सख्ख्या भावंडांसारखे एका जातीचे. तज्ज्ञ याला ‘सीएफआयटी’ म्हणतात. विमान धडधाकट असते, वैमानिकाच्या ताब्यात असते आणि तरीही ते जमिनीवर जाऊन आदळते. विमान लहान असल्याचा यात काहीही संबंध नाही. संबंध आहे तो खराब हवेत खालची उंची अचूक न कळण्याशी.

मात्र एक फरक विसरता येत नाही. मोठ्या शहरांच्या मार्गांवर अशी वेळ अधूनमधून येते. वायुदूतसारख्या कंपनीच्या वैमानिकाला ती रोज, दिवसातून अनेकदा येत असे, कारण तिच्या गावांपैकी बहुतेकांकडे वर-खाली सांगणारा किरण नव्हताच.

## ढगांच्या खालून

डॉर्निअरच्या केबिनमध्ये हवेचा दाब वाढवून ठेवण्याची सोय नसते. माणसाला श्वास घ्यायला त्रास होऊ नये म्हणून असे विमान साधारण १०,००० फुटांच्या, म्हणजे तीन किलोमीटरच्या आतच उडवतात. जेट दहा-अकरा किलोमीटरवर जाते.

याचा परिणाम पावसाळ्यात जाणवतो. पावसाळी ढगांच्या बऱ्याच थरांच्या वर जेट निघून जाते आणि उंच गडगडाटी ढग दुरून टाळते. डॉर्निअरचा सगळा प्रवास मात्र ढगांच्या त्याच थरातून होतो. हेलकावे जास्त बसतात, खालचे डोंगर जवळ असतात. सह्याद्रीत कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे डॉर्निअरच्या नेहमीच्या उंचीच्या निम्म्याहून वर. विमान त्याने कमकुवत ठरत नाही. वैमानिकाला हवामानाचा ताजा अंदाज मिळणे आणि ‘आज जायचे नाही’ म्हणण्याची मुभा असणे, या दोन गोष्टी मात्र अशा सेवेत जेटपेक्षाही जास्त लागतात.

महाराष्ट्राने वायुदूतच्या डॉर्निअरचा अपघात पाहिला तो सप्टेंबर १९८९ मध्ये. पुण्याहून हैदराबादला जाणारे विमान इंदापूरजवळ उजनी धरणाच्या जलाशयात कोसळले आणि त्यातले सर्व ११ जण मृत्युमुखी पडले.

## शेपटीतला एक सांधा

वायुदूतचा आर्थिक डोलारा फार काळ टिकला नाही. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचे ठरले आणि १९९७ पर्यंत तिचे वेगळे अस्तित्व संपले. ईशान्य आणि लक्षद्वीपसारख्या भागांत डॉर्निअर मात्र इंडियन एअरलाइन्सच्या आणि तिच्या अलायन्स एअर या उपकंपनीच्या झेंड्याखाली उडत राहिली.

३० जुलै १९९८ रोजी अलायन्स एअरचे असेच एक डॉर्निअर कोची येथील नौदलाच्या विमानतळावरून तिरुवनंतपुरमला निघाले. जमीन सोडताच त्याचे नाक वर उचलले गेले, वेग संपला आणि ते नौदलाच्या आवारातल्या इमारतीवर पडले. विमानातले सहा आणि जमिनीवरचे तीन जण गेले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. विमानाच्या शेपटीला आडवा छोटा पंख असतो. तो मागचा भाग दाबून धरतो आणि विमानाचा तोल राखतो. प्रवासी किती, सामान कुठे, इंधन किती उरले, यांप्रमाणे हा तोल बदलतो. तो जुळवून घेण्यासाठी डॉर्निअरमध्ये हा आडवा पंख पूर्णच थोडासा वर-खाली झुकवता येतो. झुकवण्याचे काम ‘ॲक्च्युएटर’ नावाचा दांडा करतो आणि त्या दांड्याचे टोक एका आधाराला जोडलेले असते. कोचीच्या विमानात तोच आधार सुटला. तो घट्ट धरून ठेवण्यासाठी जे खास बोल्ट बसवायला हवे होते ते बसवलेले नव्हते, असे चौकशीत निघाले. आधार सुटताच पंखाची पुढची कड खाली गेली, शेपूट जोराने दाबली गेली आणि नाक वर गेले. वैमानिकाच्या हातात ते सावरण्याइतका वेळही नव्हता, उंचीही नव्हती.

ही चूक आराखड्यातली नव्हती. कोणीतरी दुरुस्ती केली आणि ती दुसऱ्या डोळ्यांनी तपासली गेली नाही. विमानांच्या देखभालीत प्रत्येक कळीच्या कामावर दोन वेगळ्या माणसांची सही असावी असा आग्रह का धरतात, याचे उत्तर या एका सांध्यात आहे.

## तुटपुंज्या पैशाचा सुरक्षिततेशी संबंध

प्रादेशिक कंपन्या अनेकदा तोट्यात जातात. दोन वैमानिकांचा पगार १५० तिकिटांवर वाटला तर हलका पडतो, १५ तिकिटांवर वाटला तर जड. दर उतरणीमागे चाके, ब्रेक आणि इंजिन झिजतात, आणि छोट्या टप्प्यांच्या विमानाला दिवसभर उतरतच राहावे लागते.

त्यात वायुदूतकडे तीन जातींची विमाने. प्रत्येक जातीसाठी वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते. इंजिनिअरचेही तसेच. सुट्या भागांचे साठेही वेगळे. फॉकरचा वैमानिक उद्या डॉर्निअरवर बसवता येत नाही आणि ॲव्हरोचा भाग डॉर्निअरला लागत नाही. म्हणून आजच्या बहुतेक स्वस्त सेवा शक्य तितकी एकाच जातीची विमाने ठेवतात.

पैसा कमी आणि गावे शंभर झाली की ताण कुठे पडतो, हे ओळखणे अवघड नाही: सुट्या भागांवर, तपासणीच्या वेळेवर, वैमानिकाच्या विश्रांतीवर. कोणतीही छोटी विमानसेवा सुरू करताना तिचे हे खर्च आधीच धरले नाहीत, तर ती गावाला विमान देते पण त्यामागची व्यवस्था देत नाही.

> थोडक्यात
>
> • अपघातांची नुसती संख्या फसवी असते. प्रवाशासाठी दर उड्डाणामागचे प्रमाण महत्त्वाचे.
>
> • छोट्या टप्प्यांची विमाने जास्त वेळा उतरतात, म्हणून तासांच्या हिशेबात ती अधिक धोकादायक दिसतात.
>
> • जीवघेण्या अपघातांपैकी जवळपास निम्मे उतरण्याच्या टप्प्यात होतात.
>
> • खरा फरक तीन गोष्टी पाडतात: उतरताना मिळणारे मार्गदर्शन, हवामानाची माहिती आणि देखभालीची शिस्त.

## आज काय बदलले आहे

जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी जुनी यंत्रणा विमानाच्या सरळ खालीच पाहायची, समोरचा डोंगर तिला दिसत नसे. १९९० च्या दशकात आलेल्या नव्या यंत्रणेत जगाचा उंचसखलपणा नकाशासारखा साठवलेला असतो. उपग्रहांवरून मिळणारी स्वतःची जागा ती त्याच्याशी ताडून पाहते आणि पुढचा धोका आधीच ओरडून सांगते.

लहान विमानतळांसाठी त्याहून मोठा बदल म्हणजे ‘गगन’. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ही यंत्रणा उपग्रहांकडून येणाऱ्या स्थानाच्या माहितीतल्या चुका दुरुस्त करते. त्यामुळे जमिनीवर महागडे आयएलएस नसतानाही वैमानिकाला तिरकी उतरणरेषा काट्यावर मिळू शकते. भारतात अशा प्रकारे पहिले विमान उतरले ते २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगढला, आणि ते पंख्याचे एटीआर होते. वायुदूतच्या बहुतेक गावांकडे जे नव्हते, ते आता किशनगढसारख्या लहान विमानतळाला मिळू शकते.

चौकशीचीही पद्धत बदलली. २०१२ मध्ये अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र विभाग झाला. दोषी शोधण्यापेक्षा पुढचा अपघात टळावा हा त्याचा हेतू.

आणि कानपूरचे डॉर्निअर परत आले आहे. एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरने ते दिब्रुगड ते पासीघाट या ईशान्येतल्या मार्गावर प्रवाशांसाठी उतरवले. वायुदूत ज्या कामासाठी जन्मली होती, तेच काम.

२०१७ पासून ‘उडान’ योजनेखाली महाराष्ट्रातल्या लहान शहरांना पुन्हा विमाने मिळू लागली. काही कंपन्या आल्या आणि बंदही पडल्या. ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. पुढची कंपनी येईल तेव्हा विमान किती मोठे आहे हे पाहण्यापेक्षा वेगळे प्रश्न विचारायला हवेत. या धावपट्टीवर उतरणरेषा काट्यावर दिसते का? ढग दाटले तर उड्डाण रद्द करायची मुभा वैमानिकाला आहे का? शेपटीतला बोल्ट बसवल्यावर तो दुसऱ्या कोणी तपासला का? हे प्रश्न लोकप्रतिनिधींना आणि विमानतळाच्या अधिकाऱ्यांना विचारण्याचा हक्क त्या गावातल्या प्रत्येक प्रवाशाला आहे. उत्तरे होकारार्थी आली, तर १९ आसनांचे विमानही निर्धास्तपणे घ्यावे.